सही नसलेलं गोंदण

नॉर्मन कॉलिन्स, म्हणजेच सेलर जेरी. जन्म १९११, मृत्यू १९७३. होनोलुलूत त्याचं टॅटूचं दुकान होतं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या हॉटेल स्ट्रीटवर अमेरिकन खलाशांची झुंबड उडायची. जेरीने जपानी उस्तादांशी पत्रव्यवहार केला, नवे रंग शोधले, सुया निर्जंतुक करण्याचा आग्रह धरला. त्याचे नांगर, गरुड आणि पाकोळ्या आजही जगभर गोंदल्या जातात. त्याच्या नावाची रमसुद्धा मिळते.

आता त्याच काळातला मराठवाडा बघा. १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य. आज हिंगोली जिल्ह्यात असलेल्या साखऱ्यासारख्या गावांतही बायकांच्या अंगावर गोंदण असायचं. कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, विंचू किंवा नवऱ्याचं नाव. गोंदणारी बाई बहुधा भटक्या जमातीतली. तिचं दुकान म्हणजे काखेतली झोळी: काजळ आणि दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुया. काम झालं की वरून हळद लावायची. मोबदला म्हणून सुपातलं धान्य, नाहीतर जुनं लुगडं.

हात तिचाही सराईत होता. कातडीवर खोडरबर चालत नाही. चुकलेला ठिपका जन्मभर राहतो. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं आपल्याकडे म्हणतात. एवढं टिकणारं काम करणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठेच लिहिलं गेलं नाही.

म्हणजे सरकारने या लोकांची नोंद ठेवलीच नाही, असं नाही. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि कित्येक भटक्या जमातींना जन्मापासून संशयित ठरवलं. स्वतंत्र भारतात तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. जेरीचं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. या लोकांची नावं पोलिसांच्या रजिस्टरात होती.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे कोडची एक ओळ बदलली, तरी कुणी आणि कधी बदलली याची नोंद राहते. गोंदणाच्या बाबतीत ती नोंद फक्त म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीत आहे. आता जत्रेत बॅटरीवरचं मशीन घरघरतं आणि हाताने गोंदलेले हात दरवर्षी कमी होतात.

घरात अशी आजी असेल, तर नक्षीचा फोटो काढाच. पण कुणी गोंदलं, ती कुठून यायची, तिला काय म्हणायचे, हेही विचारून लिहून ठेवा.