संगणकाची देवडी आणि तिची डागडुजी



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि बखरी यांची अपेक्षा ठेवून आपण या मांडवात येता. आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे तो प्रदेश फार लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे 512 बाइट. परंतु हे एवढेसे ठिकाण बिघडले की घरातला चांगला चालता संगणक मुका होतो, आणि घरातली माणसे हवालदिल होतात.

प्रसंग आपल्या परिचयाचा असेल. एकाच यंत्रात दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदत असतात. वडील हिशेबासाठी विंडोज वापरतात, मुलाने शेजारी लिनक्स बसवलेले असते. पुढे केव्हा तरी जागा पुरत नाही म्हणून लिनक्सचा विभाग पुसला जातो. दुसऱ्या दिवशी बटण दाबावे तो काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढी अक्षरे आणि लुकलुकणारी एक रेघ! मग कोणी जाणता म्हणवणारा येतो आणि निकाल देतो, ‘‘डिस्क गेली. सगळे पुसून नव्याने भरू.’’ लग्नाचे फोटो, जमिनीचे कागद, वीस वर्षांची पत्रे या एका वाक्यासरशी पुसली जातात. वस्तुतः त्यातले काहीच गेलेले नसते. विंडोज जागच्या जागी असते, कागदही असतात. गेलेला असतो तो फक्त वाट दाखवणारा. हे असे का होते, याचे उत्तर तंत्रापेक्षा इतिहासात अधिक आहे.

मुळात अडचण तर्कशास्त्राची आहे. संगणक प्रोग्रामशिवाय हलत नाही, आणि प्रोग्राम स्मृतीत आणायचा तर तो आणणारा दुसरा प्रोग्राम आधी स्मृतीत हवा. नट कितीही तयारीचा असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही, असा दाखला आपल्या शास्त्रकारांनी दिला आहे. इंग्रजी भाषेने हीच अशक्य कोटी स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःला उचलण्याच्या रूपात कल्पिली, आणि त्यातूनच ‘बूट’ हा शब्द संगणकाच्या व्यवहारात आला. 1952 साली जाहीर झालेल्या आयबीएम 701 या यंत्राला ‘लोड’ नावाचे बटण होते. ते दाबले की यंत्र कार्डावरून, फितीवरून किंवा ड्रमवरून पहिला शब्द स्वतः उचलून घेई. पुढचे काम त्या पहिल्या शब्दांनी करायचे.

छोट्या यंत्रांना ही चैन नव्हती. 1975 सालच्या अल्टेअर 8800 या यंत्रात पहिल्या सूचना पुढच्या बाजूच्या खटक्यांनी, एक एक करून, हाताने भराव्या लागत. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी त्याच्यासाठी बेसिक भाषा लिहिली. ती कागदी फितीवर घेऊन अ‍ॅलन विमानाने अल्बुकर्कला निघाला, आणि वाटेत त्याच्या ध्यानात आले की फित वाचून घेणारा प्रोग्राम लिहायचाच राहिला आहे! विमान उतरता उतरता त्याने तो कागदावर लिहून काढला, मुक्कामी खटक्यांनी यंत्रात भरला, आणि यंत्राने दोन अधिक दोन चार हे उत्तर दिले. ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने पुढे कोट्यवधी यंत्रांच्या देवड्या अडवल्या, तिच्या आरंभी अशी देवडीचीच विसर पडावी, ही इतिहासाची गंमत होय.

1981 साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला. त्यात बायोस नावाचा कायमचा प्रोग्राम चिपमध्येच कोरलेला होता. तो जागा होई, अवयव तपासी, आणि तबकडीवरचा पहिला 512 बाइटांचा तुकडा स्मृतीत आणून त्याच्या हाती कारभार देई. 1983 साली हार्ड डिस्कसह एक्सटी हे यंत्र आणि डॉसची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा या तुकड्याची वाटणी ठरली: 446 बाइट सूचनांना, 64 बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या नोंदीला, आणि शेवटचे 2 बाइट ओळखीच्या खुणेला. नोंद प्रत्येकी 16 बाइटांची, म्हणून मुख्य विभाग चारच. डिस्कचे चार भाग पाडण्याची सोय झाली याचा अर्थ चार निरनिराळ्या सिस्टिम एका डिस्कवर नांदू शकतील हे कर्त्यांनी मान्य केले होते. परंतु दरवाजा एकच ठेवला आणि त्यावर हक्क कोणाचा हे कोठेच लिहून ठेवले नाही. सामाईक वाड्यातली भांडणे कशी लागतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढची हकीकत वेगळी सांगायला नको.

एकाच घरगुती यंत्रात दोन सिस्टिम ठेवणाऱ्यांत लिनस टॉरवाल्ड्स हाही एक होता. 1991 च्या जानेवारीत हेलसिंकीच्या या विद्यार्थ्याने हप्त्यांवर 386 यंत्र घेतले, त्यावर मिनिक्स ही सिस्टिम बसवली आणि शेजारी स्वतःची लिनक्स लिहू लागला. त्याच वर्षाच्या अखेरच्या सुमारास विद्यापीठाच्या संगणकाला मोडेमने फोन लावताना त्याने चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्कच्या विभागाला आज्ञा दिली. फोन लागला नाही, मिनिक्सचा विभाग मात्र बिघडला. तो पुन्हा उभारण्याऐवजी त्याने यापुढे लिनक्सवरच राहायचे ठरवले.

लिनक्ससाठी वर्नर आल्म्सबर्गर याने 1992 पासून ‘लिलो’ हा दारवान तयार केला. मला या प्रोग्रामविषयी विशेष ममत्व वाटते, कारण तो मोठा प्रामाणिक होता. कामाची एक एक पायरी चढला की तो आपल्या नावाचे एक एक अक्षर पडद्यावर छापी. एकटे ‘एल’ उमटून थांबला तर समजावे की दुसरा टप्पा सापडला नाही, ‘एल आय’वर थांबला तर टप्पा सापडला पण चालला नाही, चारही रोमन अक्षरे उमटली तर सर्व क्षेम. नाडी पाहून वैद्याने रोग सांगावा तसे अर्धवट नावावरून दुखणे सांगता येई. त्याचा दोष एवढाच की लिनक्सचा गाभा डिस्कवर नेमक्या कोणत्या ठिकाणी आहे हे तो पाठ करून ठेवी. गाभा बदलला आणि लिलोला पुन्हा शिकवायचे राहिले, की तो जुन्याच पत्त्यावर जाऊन उभा राही.

ही उणीव एरिक बोलिन याने 1995 साली आरंभलेल्या ‘ग्रब’ने भरून काढली. ग्रबला फाइलव्यवस्था वाचता येते. पत्ता पाठ न करता तो नावाने शोध घेतो. पण एवढी विद्या 446 बाइटांत मावत नाही. म्हणून त्याचा एक तुकडा पहिल्या जागी, दुसरा त्यामागच्या मोकळ्या पट्ट्यात, आणि उरलेला लिनक्सच्या विभागात, अशी त्रिस्थळी यात्रा झाली. आरंभी सांगितलेल्या घरातले कोडे येथे सुटते. लिनक्सचा विभाग पुसताना ग्रबचा तिसरा तुकडा गेला. पहिले दोन राहिले, आणि दार अडवून ‘पुढचे सापडत नाही’ म्हणत बसले. विंडोजच्या दुरुस्तीच्या डिस्कने सुरू करून पहिल्या 446 बाइटांत तिचा स्वतःचा साधा दारवान पुन्हा बसवला, की घर उघडते.

उलट प्रकारही तितकाच घडे. विंडोज नव्याने बसवली की ती कोणालाही न विचारता पहिल्या जागी आपला माणूस बसवी, आणि त्याला लिनक्सची ओळखच नसे. म्हणून आधी विंडोज, मग लिनक्स असा क्रम रूढ झाला. क्रम चुकलाच तर सीडीवरून चालणारे लिनक्स सुरू करायचे, डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरायचे आणि ग्रब पुन्हा बसवायचा. क्लाउस क्नॉपर याच्या क्नॉपिक्सने 2000 सालापासून अशा सीडीची सवय लोकांना लावली. विभागांच्या नोंदीच्या त्या 64 बाइटांना मात्र धक्का लागता कामा नये. दारवान नवा मिळतो; वाटणीपत्र फाटले तर शोधाशोध मोठी.

2005 साली यूईएफआय या नव्या व्यवस्थेसाठी मंच स्थापन झाला, आणि पुढे जुना बायोस मागे पडत गेला. नव्या व्यवस्थेत पहिल्या तुकड्याची मारामारी संपली. डिस्कवर एक छोटा सामाईक विभाग, त्यात प्रत्येक सिस्टिमची स्वतंत्र कपाटे, आणि कोणाला आधी उठवायचे याची यादी यंत्राच्या चिपमध्ये. आता पुष्कळदा बिघाड म्हणजे फक्त यादीतला क्रम बदललेला असतो, आणि तो सेटिंगमध्ये जाऊन पाच मिनिटांत बदलता येतो.

परंतु त्याच देवडीवर एक नवे कुलूप आले. त्याला सबळ कारण होते, हे कबूल केले पाहिजे. 1986 सालचा लाहोरचा ‘ब्रेन’ विषाणू फ्लॉपीच्या पहिल्याच तुकड्यात शिरून बसत असे. दारवानच फितूर झाला तर आतल्या पहाऱ्याचा काय उपयोग? म्हणून ‘सिक्युअर बूट’ आले, आणि 2012 साली विंडोज 8 बरोबर ते घरोघर पोहोचले. सही नसलेला प्रोग्राम यंत्र चालवणार नाही. पण बहुतेक यंत्रांत सही ओळखण्याची किल्ली मायक्रोसॉफ्टची. म्हणून लिनक्सवाल्यांना ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम तिच्याकडूनच सही करून घ्यावा लागला. पैसे आपण मोजावे आणि दारात कोणी उभे राहावे हे तिऱ्हाइताने ठरवावे, ही रचना मला सुखाची वाटत नाही. मालकाला हे कुलूप बंद करण्याची सोय बहुतेक घरगुती यंत्रांत आहे, हे त्यातल्या त्यात बरे.

ऑगस्ट 2024 मध्ये याचा प्रत्यय आला. ग्रबमधील जुन्या दोषापासून बचाव म्हणून विंडोजच्या अद्ययावतीकरणाने जुन्या दारवानांची नावे बाद केली. दोन सिस्टिमच्या यंत्रांना हे लागू होणार नाही असे कंपनीने सांगितले होते, तरी अनेकांचे लिनक्स त्या दिवसापासून उघडेना. काहीतरी गंभीर बिघडले आहे एवढा संदेश देऊन यंत्र बंद होई. लोकांनी उपाय काढला तो असा: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करायचे, लिनक्समध्ये शिरून ती बाद-यादी पुसायची, यंत्र पुन्हा सुरू करायचे, आणि मग कुलूप परत लावायचे. कंपनीची स्वतःची दुरुस्ती मे 2025 मध्ये आली. मधल्या नऊ महिन्यांत कोणा घरी ‘‘डिस्क गेली’’ म्हणून सगळे पुसले गेले असेल, तर त्या घरचे कागद शाबूत असताना पुसले गेले.