पॉवेल ग्रंथालयातील चित्रफीत : एका अटकेच्या साधनाची चिकित्सा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील पॉवेल ग्रंथालयात १४ नोव्हेंबर २००६ रोजी रात्री साडेअकराच्या सुमारास विद्यापीठाच्या पोलिसांनी एका विद्यार्थ्यास अटक केली. अटक करताना त्याच्यावर टेझर हे विजेचा झटका देणारे हत्यार चालविण्यात आले. तेथे उपस्थित असलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने या प्रसंगाचे सुमारे सहा मिनिटांचे चित्रण केले, आणि 'डेली ब्रुइन' या विद्यार्थ्यांच्या दैनिकामार्फत व यूट्यूबवरून ते अल्पावधीत देशोदेशी पाहिले गेले. इतके निकटचे समकालीन साधन हाती असता वादास जागा उरू नये, अशी सामान्य समजूत असते. प्रत्यक्षात वाद मिटला तर नाहीच. उलट त्या एकाच चित्रफितीवर बोट ठेवून दोन्ही पक्ष आपापले म्हणणे मांडीत राहिले.

प्रसंगाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. रात्री अकरानंतर ग्रंथालयात केवळ विद्यापीठाशी संबंधित व्यक्तींनीच थांबावे, असा नियम होता व त्यासाठी ओळखपत्रे तपासली जात. तपासणीचे काम पगारी विद्यार्थी-साहाय्यकांकडे असे. संबंधित विद्यार्थ्याने ओळखपत्र दाखविण्याचे नाकारले, तेव्हा पोलिसांना पाचारण करण्यात आले. हे पोलीस म्हणजे आपल्याकडील महाविद्यालयांच्या दारावर बसणारे पहारेकरी नव्हेत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. त्यांना राज्याच्या कायद्याने पूर्ण पोलिसी अधिकार दिलेले असतात. आपल्या मध्यपूर्वेकडील चेहरेपट्टीमुळेच आपणास वेगळे काढण्यात आले, असे विद्यार्थ्याचे म्हणणे त्याच्या वकिलाने मांडले. तपासणी नेहमीचीच होती, असे पोलिसांचे उत्तर होते.

वादाचे खरे मूळ येथेच आहे, आणि नेमका हाच भाग चित्रफितीत नाही. ओळखपत्र कोणत्या शब्दांत मागितले गेले, नकार कोणत्या सुरात दिला गेला, पोलीस आले तेव्हा विद्यार्थी बाहेर निघाला होता की नव्हता, या प्रश्नांची उत्तरे साक्षीदारांच्या स्मरणातूनच काढावी लागतात. तो दाराकडे चालला असता एका पोलिसाने त्याचा दंड धरला, असे काही विद्यार्थ्यांनी सांगितले. त्याने अंग सैल सोडले व भोवतालच्यांना चिथावले, असे पोलिसांच्या निवेदनात होते. चित्रण सुरू होते तेव्हा आरडाओरड चालू झालेली आहे. म्हणजे साधन अस्सल असूनही ते घटनेच्या मध्यापासूनचे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, या साधनाला चित्रफीत म्हणत असले तरी तिचे बळ दृश्यापेक्षा ध्वनीत अधिक आहे. बराच वेळ तो विद्यार्थी दिसतच नाही. मेजे व माणसे मध्ये येतात. ऐकू मात्र स्पष्ट येते. आपण निघून जाणार असल्याचे सांगितलेच होते, असे तो ओरडून म्हणतो. उठून उभा राहा, नाहीतर पुन्हा झटका देऊ, असे पोलीस बजावतात. जवळ आलेले विद्यार्थी पोलिसांची नावे व बिल्ल्यांचे क्रमांक विचारतात. अशा विचारणाऱ्यांपैकी एकास टेझरचीच धमकी मिळाली. जनमत क्षुब्ध झाले ते मुख्यतः या ध्वनींमुळे.

हत्याराची रीतही चित्रावरून कळत नाही. टेझर दोन प्रकारे चालविता येतो. दुरून तारांनी जोडलेल्या सुया सोडल्यास स्नायू आखडून मनुष्य काही क्षण हतबल होतो. उलट यंत्र अंगाला टेकवून चालविल्यास त्याचा मुख्य परिणाम वेदना हाच असतो. येथे दुसरी रीत वापरली गेली. झटका बसलेल्या माणसाला उभे राहणे अशक्यच असते, असा जो आक्षेप सर्वत्र घेतला गेला, तो त्यामुळे जसाच्या तसा टिकत नाही. परंतु या दुरुस्तीने पोलिसांची बाजू बळकट होते, असे मात्र म्हणता येणार नाही. वेदनेने आज्ञापालन घडविणे हाच हेतू असेल, तर ज्याने केवळ अंग सैल सोडले आहे त्याच्यावर ती योजावी काय, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

अंग सैल सोडण्याला या विद्यापीठात स्वतःचा इतिहास आहे. डिसेंबर १९६४ मध्ये बर्कली येथील भाषणस्वातंत्र्याच्या आंदोलनात स्प्राउल हॉलमधून सुमारे ८०० जणांना अटक झाली, तेव्हा पुष्कळांनी असेच केले आणि त्यांना फरफटत न्यावे लागले. आंदोलक त्यास निष्क्रिय प्रतिकार म्हणत. अभियोक्त्यांनी त्यासच अटकेस विरोध हे नाव दिले. २००६ मधील मतभेद याच दोन नावांतला होता.

लॉस एंजेलिस शहरालाही असा वाद अपरिचित नव्हता. ३ मार्च १९९१ रोजी रॉडनी किंग यास झालेली मारहाण जॉर्ज हॉलिडे यांनी आपल्या सज्जातून चित्रित केली होती. खटल्यात बचावपक्षाने ती चित्रफीत मंद गतीने, एकेक चौकट थांबवून दाखविली, आणि किंगची प्रत्येक हालचाल म्हणजे प्रतिकार असल्याचे तज्ज्ञांकरवी सांगितले. २९ एप्रिल १९९२ रोजी चारही पोलीस जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले. १९९३ मधील संघराज्याच्या न्यायालयातील खटल्यात त्यांपैकी दोघे दोषी ठरले. ज्यूरीला 'पाहावयास' कसे शिकविले गेले, याचे मार्मिक विवेचन चार्ल्स गुडविन यांनी १९९४ मध्ये केले. हे गुडविन पुढे लॉस एंजेलिस येथील याच विद्यापीठात अध्यापन करीत होते, हा योगायोग लक्षणीय आहे.

प्रभारी कुलपती नॉर्मन एब्रम्स यांनी स्वतंत्र चौकशीसाठी मेरिक बॉब यांची योजना केली. बॉब यांनी किंग प्रकरणानंतरच्या ख्रिस्तोफर आयोगातही काम केले होते. ऑगस्ट २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने विद्यार्थ्याचा दोष झाकला नाही. त्याने ओळखपत्र दाखवावयास हवे होते, असे तो स्पष्ट सांगतो. परंतु टेझरचा तीन वेळा झालेला वापर एकत्रितपणे पाहता विद्यापीठाच्या धोरणाबाहेरचा होता आणि प्रसंग निवळविण्याचे उपलब्ध मार्ग पोलिसांनी अवलंबिले नाहीत, असा निष्कर्ष त्याने काढला. टेझरविषयीचे धोरणही प्रमाणाबाहेर सैल असल्याचे त्याने दाखविले. चित्रफितीत काय दिसते, एवढ्यावर अहवाल थांबला नाही. काय करता आले असते, हे त्याने विचारले. ते कोणत्याही कॅमेऱ्यास टिपता येण्याजोगे नव्हते. पोलीस विभागाच्या स्वतःच्या अंतर्गत चौकशीने मात्र आपल्या माणसांना निर्दोष ठरविले होते.

विद्यार्थ्याने जानेवारी २००७ मध्ये दाखल केलेला दावा मे २००९ मध्ये २,२०,००० डॉलर देऊन तडजोडीने मिटविण्यात आला. त्यामुळे या दाव्यात ज्यूरीसमोर चित्रफितीची तपासणी होण्याचा प्रसंग आलाच नाही, आणि एकाच घटनेविषयीचे दोन परस्परविरोधी निष्कर्ष कागदोपत्री शेजारी शेजारी राहिले.