वीस फुटी पेटीचे नाव

कंटेनर म्हटले की 1956 साल आणि माल्कम मॅक्लीन यांचे जहाज सांगितले जाते. इतिहासलेखनाला असे जन्मदिवस आवडतात. रुळांवरची आखूड पेटी मात्र याहून पस्तीस वर्षांनी थोरली आहे. 1921 मध्ये अमेरिकेतील न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वेने पोलादी पेट्या वाघिणींवर शेजारीशेजारी ठेवून फुटकळ माल नेण्यास आरंभ केला. वाटेतली चढउतार टळली, चोरी व मोडतोड घटली. (टळलेली चढउतार कोणाची तरी रोजंदारी होती, हेही खरे.)

ही पेटी पुढे मागे पडली, त्याचे कारण यांत्रिक नव्हते. रेल्वेचे भाडे तेव्हा मालाच्या प्रकारावर ठरे. कंपनीने, आत काहीही असो, पेटीच्या वजनावर एकच दर लावला. 1931 मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाने निर्णय दिला, की पेटीतील सर्वांत चढ्या दराच्या जिनसाला तेवढ्या वजनासाठी जे भाडे पडेल, त्याहून कमी भाडे पेटीला घेता येणार नाही. पेटीचा आर्थिक आधारच गेला. माझ्या मते या निर्णयाकडे साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावे. आतल्या मजकुराकडे दुर्लक्ष करून केवळ वेष्टनाला अर्थ असू शकतो, ही कल्पनाच आयोगाला मान्य नव्हती.

युद्धोत्तर काळात ती मान्य झाली. पण सी-लँडची पेटी 35 फुटांची, तर मॅटसनची 24 फुटांची. एकीची पेटी दुसरीच्या सांगाड्यावर बसेना. 1964 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 10, 20, 30 आणि 40 फूट ही कुळी ठरवली. गंमत अशी, की वीस फुटी पेटी भरते 19 फूट 10½ इंच. अशा दोन पेट्या आणि मधली तीन इंचांची फट मिळून 40 फूट होतात. नावातले वीस हे पेटीने अडवलेल्या जागेचे आहेत.

आखूड असूनही तिला वजन मोठ्या बहिणीएवढेच पेलण्याची मुभा आज आहे. म्हणून दगड, धातू असा जड माल तिच्यात जातो. अमेरिकेच्या दुमजली मालगाड्यांत दोन आखूड पेट्या खाली आणि लांब पेटी वर असते. उलट रचना चालत नाही : लांब पेटीच्या मध्यभागी भार घेणारा खांबच नसतो.