रात्रपाळीच्या लाईटला उल्कांची सोबत : डिसेंबरचा उल्कावर्षाव कधी, कसा पाहावा

डिसेंबरात कृषिपंपाची लाईट रात्रपाळीला आली की गव्हाला, कांद्याला पाणी देणारा शेतकरी वैतागतो. थंडी, चिखल आणि किर्र अंधार. पण वर्षातला सर्वात भरवशाचा उल्कावर्षाव नेमका याच दिवसांत असतो. तो बघायला दुर्बीण लागत नाही की पैसा लागत नाही. १३ डिसेंबरची रात्र ते १४ ची पहाट हा त्याचा मुख्य काळ. आधीची एखादी रात्रही वाया जात नाही.

याला मिथुन उल्कावर्षाव म्हणतात, इंग्रजी नाव जेमिनिड्स. उल्का आकाशात कुठेही दिसतात, मात्र त्यांच्या रेषा मागे ओढत नेल्या की मिथुन राशीजवळ येऊन मिळतात. रात्री दहाच्या सुमारास पूर्वेला मृग चांगला वर आलेला असतो. त्याच्या डाव्या हाताला, ईशान्येकडे शेजारी-शेजारी दोन ठळक तारे दिसतात, ते पुनर्वसूचे. मध्यरात्रीनंतर दोन-अडीचला ते डोक्यावर येतात, तेव्हा उल्का जास्त दिसतात. अंधाऱ्या शिवारात तासाला चाळीस-पन्नास दिसल्या तरी पुष्कळ झाल्या.

गावात ‘तारा तुटला’ म्हणतात, पण तारा जागेवरच असतो. वाळूच्या कणाएवढे, फार तर हरभऱ्याएवढे खडे सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने हवेत घुसतात आणि जमिनीपासून साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवरच जळून जातात. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीचे. ऑक्टोबरच्या २१-२२ तारखेचा आणि मेच्या पहिल्या आठवड्यातला, हे दोन्ही हॅलेच्या धूमकेतूचे. डिसेंबरचा मात्र फेथन नावाच्या लघुग्रहाचा आहे, तो १९८३ मध्ये सापडला. ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या वर्षावाची बातमी दरवर्षी येते, पण तेव्हा आपल्याकडे आभाळच मोकळं नसतं. त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

तारखेबरोबर कॅलेंडरवरची तिथीही बघावी. अमावास्येच्या आसपास असेल तर उत्तमच. शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, मग पहाटेपर्यंत अंधार मिळतो. वद्य अष्टमीला उलटं, चंद्र उगवायच्या आत बघून घ्यावं. पौर्णिमा आली तर फक्त मोठ्या उल्का दिसतील.

खरी अडचण आता उजेडाची आहे. चौकातला हायमास्ट आणि गल्लीतले पांढरे एलईडी दिवे यामुळे बऱ्याच गावांत आकाशगंगा दिसेनाशी झाली. दिवे नकोत असं कोण म्हणेल, पण त्यांची तोंडं खाली वळवली तर रस्ताही दिसेल आणि आभाळही. तोवर गावापासून लांबचं शेत बरं. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाईल एकदा बघितला की ती मेहनत गेली. बॅटरीला लाल कागद लावावा. वर बघत मात्र चालू नये; विहिरी उघड्या असतात, साप-विंचूही असतात. बारं बदलून झालं की खाटेवर घोंगडी घेऊन पडावं.

एखादा जळता गोळा सावकाश, तुकडे होत, अर्धा-पाऊण मिनिट जाताना दिसला तर ती बहुधा उल्का नसते. उल्का एक-दोन सेकंदांत विझते. २ एप्रिल २०२२ च्या रात्री राज्यात अनेक ठिकाणी असाच उजेड दिसला आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी रिंग पडली. ते रॉकेटचे अवशेष होते. असं काही शेतात सापडलं तर हात लावू नये, पोलीस पाटील किंवा तहसीलला कळवावं.

छंद म्हणून करायचं तर वहीत वेळ, मोजलेल्या उल्का आणि ढग किती होते एवढं लिहून ठेवावं. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना हौशी लोकांच्या अशा नोंदी घेते.