पिशवीचे दान

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला आम्ही ‘घाटी’ म्हणतो. त्याच वर्षी इंग्लंडात इलिऑस्टॉमी झालेल्या रुग्णांची संस्था स्थापन झाली. मोठे आतडे काढावे लागले, की शल्यविशारद लहान आतड्याचे तोंड पोटावर आणून बसवतात, हीच इलिऑस्टॉमी. मल मग पोटावर चिकटवलेल्या पिशवीत साठतो. ही चिकटणारी पिशवी १९५४ साली डेन्मार्कमधील एलिझ सोरेनसेन या परिचारिकेला सुचली, तीही अशाच शस्त्रक्रियेनंतर घरात कोंडून बसलेल्या बहिणीसाठी. मुंबईत १९७५ साली ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली.

हा इतिहास पाहताना मला आपल्या दानधर्माची एक उणीव जाणवते. शस्त्रक्रियेसाठी आपण सढळ हाताने देतो, आणि रुग्ण घरी आला, की विसरतो. पिशवी मात्र दर काही दिवसांनी नवी लागते, कित्येकांना जन्मभर. ती परवडली नाही, तर माणूस लग्नकार्याला जात नाही, पंक्तीला बसत नाही. वाचकहो, दिवाळीत काही द्यायचे मनात असेल, तर अशा एखाद्याच्या वर्षभराच्या पिशव्यांचा भार उचलावा.