अडलेल्या बाळंतपणानंतर

‘बाई अडली’ एवढे दोन शब्द उच्चारले की मराठी घरात सगळ्यांना धोका कळतो. त्या अडण्यातून वाचलेल्या बाईच्या पुढच्या दुखण्याला मात्र बोलीत नेमका शब्द नाही. डॉक्टर ‘फिस्टुला’ म्हणतात. ‘भगंदर’ म्हणावे तर ऐकणाऱ्याला मूळव्याधीजवळचा आजार आठवतो. ती स्वतः, सांगितलेच तर, ‘लघवी गळते’ एवढेच सांगते. या विषयाचा अभ्यास तिच्या या वाक्यापासून सुरू होतो.

कळा दोन-दोन दिवस चालतात, बाळाचे डोके कटीच्या हाडांत रुतून बसते, मधल्या मऊ भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. तो भाग मरून काही दिवसांनी गळतो आणि मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये, कधी गुदाशयाच्या बाजूला, छिद्र पडते. बाळ बहुधा दगावलेले असते. मग लघवी रात्रंदिवस वाहते, मांड्या सोलवटतात. वास येऊ नये म्हणून ती पाणी तोडते. लघवी दाट होऊन आग वाढते, खडे होतात. काहींच्या पायाचा पंजा लुळा पडतो, काहींची पाळी थांबते. म्हणून नुसते छिद्र शिवले की बाई बरी झाली, असे होत नाही.

या शस्त्रक्रियेचे ऋणही ओळखून असावे. 1845 ते 1849 या काळात अमेरिकेतील अलाबामात डॉ. मॅरियन सिम्स यांनी ती भूल न देता केली, अनार्का, बेट्सी, ल्युसी या गुलाम स्त्रियांवर. पुढे 1974 मध्ये हॅमलिन या डॉक्टर दांपत्याने इथिओपियातील अदिस अबाबात याच आजारासाठी रुग्णालय उभारले.

आपल्याकडे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या. 1989 च्या त्यांच्या निबंधानुसार 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. अशी दुखणी लपूनच राहतात.

मराठवाड्यातला हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. त्या परभणीत 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 20 ते 24 वयाच्या 48 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती. कोवळी कटी अडण्याचा धोका वाढवते. राज्यात सुमारे 95 टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात, हे मोठेच यश आहे. पण गर्भपिशवी काढताना मूत्राशयाला इजा झाली तरी असेच छिद्र पडते. आणि बीडमध्ये 2019 च्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. मराठवाड्यात हा विषय जुना झालेला नाही.

हिंगोलीतल्या सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या वाड्यांवर फिरणाऱ्या आशाताई, परिचारिका आणि नव्या डॉक्टरांचे या अभ्यासात स्वागत आहे. लघवी गळते म्हणणाऱ्या बाईला एवढे विचारा: खोकताना थेंब जातात, की झोपेतही लुगडे ओलेच असते? दुसरे उत्तर आले तर तिला त्याच आठवड्यात तपासणीला न्या. छिद्र ताजे आणि लहान असेल, तर काही आठवडे लघवीची नळी ठेवूनही ते भरून येऊ शकते.