माहीम ते बोईसर : कॉलेजच्या वयातले लैंगिक आरोग्य आणि गोपनीयतेचा हक्क

लैंगिक आरोग्य म्हणजे केवळ आजार नसणे नव्हे. संबंधांना दोघांची मनापासून संमती असणे, नको असलेली गर्भधारणा टाळता येणे, संसर्गापासून बचाव होणे आणि गरज पडल्यास न लाजता उपचार घेता येणे, हे सगळे त्यात येते.

पालघर तालुक्यातल्या माहीम-केळवे पट्ट्यातली मुले-मुली कॉलेजसाठी पालघर किंवा बोईसर गाठतात, काही लोकलने विरारच्या पुढे जातात. (हे माहीम मुंबईतले नव्हे.) अशा भागात औषधाच्या दुकानात ओळखीचे कुणीतरी भेटतेच. माहिती मोबाइलवर मिळते, पण 'घरी कळेल' या भीतीने कंडोम घेतला जात नाही आणि तपासणी लांबते. काही उपायांना तासांची मुदत असल्याने हा उशीर महागात पडतो.

कंडोम : काय करतो, काय नाही

गर्भधारणा आणि संसर्ग या दोन्हींपासून एकाच वेळी संरक्षण देणारे साधन कंडोमच. गर्भनिरोधक गोळ्या किंवा तांबी यांनी संसर्ग टळत नाही. पाकिटावरची मुदत पाहावी. खिशातल्या पैशाच्या पाकिटात दिवसेंदिवस ठेवलेला कंडोम घर्षणाने आणि उष्णतेने कमजोर होतो. लॅटेक्सच्या कंडोमसोबत तेल किंवा व्हॅसलीन वापरू नये, तो फाटतो. एकावर एक दोन कंडोमही घालू नयेत.

एचपीव्ही, नागीण (हर्पिस) आणि सिफिलिस हे संसर्ग कंडोमने न झाकलेल्या त्वचेतूनही पसरू शकतात. एचपीव्हीविरुद्ध लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही भारतीय बनावटीची लस २०२३ पासून मिळते. लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेतल्यास ती सर्वाधिक उपयोगी ठरते.

७२ तासांचे गणित

कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी. जितकी लवकर, तितकी परिणामकारक. तिने गर्भपात होत नाही आणि ती नेहमीच्या वापरासाठी नाही. पाळी चुकली तर गर्भचाचणी करावी. गर्भपाताच्या गोळ्या मात्र डॉक्टरांशिवाय घेऊ नयेत.

एचआयव्हीची शंका असल्यासही ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना गरज वाटल्यास २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे देता येतात.

लक्षण नाही म्हणजे संसर्ग नाही, असे नव्हे

क्लॅमिडिया, गनोरिया यांची लक्षणे अनेकदा दिसतच नाहीत. उपचार न झाल्यास पुढे वंध्यत्व येऊ शकते. जननेंद्रियावर फोड किंवा जखम, वेगळा वाटणारा स्राव, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांकडे जावे. उपचार जोडीदारानेही घ्यावेत, नाहीतर संसर्ग परत होतो.

कायदा काय सांगतो?

- एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ नुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. संसर्ग आहे म्हणून शिक्षणात भेदभाव करता येत नाही.
- १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलीच्या गर्भपातासाठी फक्त तिची संमती लागते; आई-वडिलांची किंवा जोडीदाराची नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतही अविवाहित स्त्रियांना समान हक्क दिला.
- पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नाही. अकरावी-बारावीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना हे लागू होते. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताला पालकांची लेखी संमती लागते. मात्र तिने आणि पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना माहिती देताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे त्याच निकालात म्हटले आहे.

ही चर्चा नवी नाही

गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मधल्या मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यासाठी खटलेही सोसले.

कुठे जावे?

- समुपदेशन व चाचणी केंद्र (आयसीटीसी) : सरकारी रुग्णालयांतल्या या केंद्रांत एचआयव्ही चाचणी आणि समुपदेशन मोफत मिळते. संसर्ग झाल्यावर काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही, म्हणून पुन्हा कधी यायचे ते तिथेच विचारावे.
- मैत्री क्लिनिक : १० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत चालणारे सल्ला केंद्र.
- १०९७ : राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची मोफत हेल्पलाइन. जवळचे केंद्र कोणते, हे इथे विचारता येते.

गावात ओळखीचे कुणी भेटेल अशी धास्ती असेल, तर पालघरऐवजी बोईसरला किंवा विरारला जावे. तपासणी गावातच झाली पाहिजे असा कोणताही नियम नाही.